अळंबी: पोषणाचा आणि पाण्याचा हिशेब

अळंबी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. ती बुरशीवर्गातील सजीवाचे फळ होय, आणि स्वतः अन्न तयार न करता ती मृत सेंद्रिय पदार्थांवर पोसली जाते, म्हणूनच वऱ्हाडात मळणीनंतर उरणारे सोयाबीनचे व गव्हाचे कुटार धिंगरी अळंबीला चांगले मानवते. बटण अळंबीला फळधारणेच्या वेळी साधारण १४ ते १८ अंश तापमान लागते व येथे त्यासाठी वातानुकूलित खोली उभारावी लागते. धिंगरी मात्र २० ते ३० अंशांत वाढत असल्याने पावसाळ्यात व हिवाळ्यात साध्या, ओलसर खोलीतही घेता येते.

अळंबीची ख्याती ‘प्रथिनांचा खजिना’ अशी असली, तरी हे वर्णन वाळलेल्या वजनाला लागू पडते. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅममागे प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम भरतात. एखाद्या कुटुंबाने २०० ग्रॅमच्या पाकिटाची भाजी चौघांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड ग्रॅमच प्रथिन येते. तेव्हा ती तुरीच्या वरणाची जागा घेऊ शकत नाही. तिचे मोल वेगळे आहे: उष्मांक व मेद अल्प, पोटॅशियम व तांबे ही खनिजे, रायबोफ्लेविन व नायसिन ही ब गटातील जीवनसत्त्वे आणि बीटा-ग्लुकान हा तंतुमय घटक. शिवाय तिच्यात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते, ज्याचे उन्हातील अतिनील किरणांमुळे ड-२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. त्यामुळे चिरलेली अळंबी शिजवण्यापूर्वी काही वेळ दुपारच्या उन्हात ठेवणे लाभदायक ठरते.

अळंबी कच्ची खाऊ नये, कारण तिच्या पेशीभित्तिकांतील कायटिन हा चिवट घटक पचनास जड असतो. ती पाण्यात भिजत न ठेवता झटपट धुऊन पुसावी आणि धिंगरीचे देठाकडील कडक भाग काढून उभ्या पट्ट्या हातानेच फाडाव्यात. पसरट कढईत, मोठ्या आचेवर, गर्दी न करता परतल्यास प्रथम पाणी सुटते, ते आटले की कडा तांबूस होतात आणि तेव्हाच तिची खरी चव उतरते. मीठ त्यानंतर घालावे. अशी परतलेली अळंबी भाजलेला कांदा, सुके खोबरे व खसखस यांच्या वाटणाच्या तर्रीदार रश्श्यात शेवटी सोडावी, किंवा झुणक्यात घालावी, म्हणजे प्रथिने बेसनातून व चव अळंबीतून मिळते. उन्हात कडकडीत वाळवलेल्या धिंगरीचे वजन मूळच्या सुमारे एकदशांश उरते. तिची पूड ज्वारीच्या पिठात मिसळता येते.

रानातील अनोळखी अळंबी मात्र टाळावी. काही विषारी जातींचे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि चांदीचे नाणे काळे पडण्याची परीक्षा निराधार आहे. खात्रीशीर लागवडीची अळंबी वरण-भाकरीच्या जोडीला नियमित घेणे, हाच तिचा उचित उपयोग होय.