डोस किती, हे कोण विचारणार?

कॅन्सरचं औषध रुग्णाला देणं वेगळं आणि ते औषध खरोखर आयुष्य वाढवतं का हे तपासणं वेगळं. आपल्याकडचं ऑन्कॉलॉजीचं शिक्षण पहिल्या कामात भक्कम होतं. दुसरं ज्यानं त्यानं सीनियरांच्या मागे फिरून उचलायचं. ट्रायल बहुधा बाहेरून यायची. प्रश्न, औषध, डोस, तपासण्यांच्या तारखा असं सगळं ठरलेलं असायचं, आणि इथल्या डॉक्टरनं रुग्ण घ्यायचे, फॉर्म भरायचे.

ही उणीव भरून काढण्याची एक रीत अमेरिकेत १९९६ साली रुजली. कोलोराडोतल्या व्हेल गावी तरुण कॅन्सरतज्ज्ञांची निवासी कार्यशाळा सुरू झाली. येताना ट्रायलची कल्पना आणायची, जाताना पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा सविस्तर लेखी आराखडा, न्यायचा, हा तिचा नियम. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्लिम्सला आणि २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात तसेच वर्ग उभे राहिले. २०१५ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि देशातल्या कॅन्सर इस्पितळांचं जाळं असलेली नॅशनल कॅन्सर ग्रिड यांनी ‘क्रेडो’ ही कार्यशाळा सुरू केली आणि ही रीत आपल्या दारी आली.

आठवडाभराच्या अशा कार्यशाळेत डॉक्टरची खरी परीक्षा घेतात ते संख्याशास्त्रज्ञ. किती फरक पडला तर तुम्ही तुमची रोजची ट्रीटमेंट बदलाल, असं ते विचारतात. अपेक्षित फरक जितका लहान, तितके रुग्ण जास्त लागतात, आणि ते जमवायला वर्षं जातात. मग पुढचा पेच येतो. गाठ लहान झाली हे यश मानायचं, की माणूस जास्त जगला हे? तुलनेच्या गटाला काय द्यायचं? संमतीपत्र बीडहून आलेल्या ऊसतोड कामगाराला कळेल अशा मराठीत आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याला पार्श्वभूमी आहे. ट्रायलमधल्या मृत्यूंचा आणि अपुऱ्या संमतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१३ मध्ये नियम कडक झाले, संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण आलं. कंपन्यांनी हात आखडता घेतला, तरीही तो कडकपणा आवश्यक होता. २०१९ च्या नव्या नियमांनी घडी बरीचशी बसवली.

स्वतःचा प्रश्न विचारता आला की काय घडतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. टाटामधले डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं महागडं औषध अगदी कमी डोसमध्ये देऊन पाहिलं. प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. यांनी तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. १५१ रुग्णांच्या त्या ट्रायलमध्ये वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या स्वस्त औषधांवर १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅबची जोड मिळाल्यावर ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी तुलना इथे झालेली नाही, हे मात्र तरुण वाचकाच्या लक्षात यायला हवं. शिक्षण त्यासाठीच आहे. कमी औषधानं भागेल का, हे विचारण्यात कंपनीला काय स्वारस्य असणार? ते सरकारी आणि धर्मादाय इस्पितळातल्या डॉक्टरनंच विचारायला हवं.

नव्या औषधाची माणसावरची पहिली चाचणी ही अजून आपली कच्ची बाजू आहे. परदेशात शोधलेल्या औषधाची ती चाचणी आधी परदेशातच व्हावी, असा नियम वर्षानुवर्षं होता. त्यामुळे डोस पायरीपायरीनं वाढवत नेण्याचं कसब आपल्या फार थोड्या डॉक्टरांच्या हाती आलं. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या कॅन्सरवरच्या कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट इथेही चालता येते हे दिसलं. पण अशी वाट चाललेल्यांची संख्या अजून तोकडी आहे.

आणि कार्यशाळेनंतर काय? प्रोटोकॉल घेऊन परतलेला डॉक्टर पुन्हा भरलेल्या ओपीडीत बसतो. ट्रायलसाठी त्याला ना वेळ मिळतो, ना कोऑर्डिनेटर. जिल्ह्याच्या ठिकाणी संख्याशास्त्रज्ञ तर कुठून आणणार? आठवड्यातला एक दिवस संशोधनासाठी राखून देणं इस्पितळाच्या संचालकाला आजही शक्य आहे. सुरुवात तिथून व्हावी.