लहान सुषिरवाद्य-संचासाठी जॅझ रचना

स्विंग लयीची जॅझ धून मोजक्या सुषिरवाद्यांसाठी बांधताना, कोणते स्वर ठेवायचे व कोणते गाळायचे हा रचनाकारापुढील मुख्य प्रश्न असतो. स्वरमेळाचा मूळ स्वर सहसा डबल बास सांभाळतो. त्यामुळे सुषिरवाद्यांना त्यापासूनचा तिसरा व सातवा स्वर देता येतो. स्वरमेळाचे स्वरूप प्रामुख्याने याच दोन स्वरांवरून ओळखू येते. स्विंगमध्ये मात्रेचा पूर्वार्ध लांब व उत्तरार्ध आखूड असल्याने सर्व वादकांचा आघात आणि स्वर सोडण्याचा क्षण जुळणे आवश्यक असते.

माइल्स डेव्हिस यांच्या नऊ वादकांच्या संचात (१९४८–१९५०) ट्रंपेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, आल्टो व बॅरिटोन सॅक्सोफोन ही सहा सुषिरवाद्ये होती. क्लॉड थॉर्नहिल यांच्या मोठ्या वाद्यवृंदाचा नादरंग कमीत कमी वाद्यांत उतरवणे, हा गिल एव्हान्स व जेरी मलिगन या रचनाकारांचा उद्देश होता.