विक्री अधिकाऱ्याची मुलाखत

मराठी मध्यमवर्गाच्या मनात बँकेतील नोकरीविषयी जी आदराची भावना दृढ झालेली आहे, ती मुख्यतः १९ जुलै १९६९ रोजी चौदा आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतरच्या दशकांतील आहे. ठरलेल्या वेळेचे काम, वेतनकराराने बांधून दिलेला पगार, घरासाठी सवलतीच्या व्याजाचे कर्ज आणि निवृत्तीनंतरची निश्चिंती, या गोष्टी त्या काळी ज्या घरात आल्या, त्या घरातील मुलीमुलांच्या विवाहाच्या वाटाघाटीसुद्धा सोप्या झाल्या. त्या व्यवस्थेत ग्राहक अर्ज घेऊन बँकेकडे येत असे. बँकेने ग्राहकाचे दार ठोठावण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे १९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींना अनुसरून रिझर्व्ह बँकेने १९९३ साली नव्या खाजगी बँकांना परवानगी देण्याचे धोरण जाहीर केले, आणि खातेदार मिळविण्यासाठी माणसे बाहेर पाठवावयाची ही रीत हळूहळू सर्वत्र रुजली. आज सातारा, नांदेड किंवा जळगावचा एखादा नवा पदवीधर 'सेल्स ऑफिसर' किंवा 'रिलेशनशिप ऑफिसर' या हुद्द्यावर रुजू होतो, तेव्हा घरी 'मुलगा बँकेत लागला' म्हणून पेढे वाटले जातात. पण दिवसाचा बराचसा भाग तो दुचाकीवरून बाजारपेठेत हिंडत असतो. घरच्यांची समजूत आणि कामाचे खरे स्वरूप यांतील हे अंतर उमेदवाराला पहिल्यांदा जाणवते ते मुलाखतीच्या खोलीत.

या मुलाखतीचे महत्त्व समजण्यासाठी सरकारी बँकांच्या भरतीशी तिची तुलना करून पाहावी. सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांसाठी २०११ पासून आयबीपीएस ही संस्था सामाईक परीक्षा घेते, आणि कारकुनी जागांसाठीची मुलाखत तर २०१६ च्या भरतीपासून बंदच झाली. गुणवत्ता यादीत नाव आले आणि कागदपत्रांची पडताळणी झाली की नेमणूक होते. खाजगी बँकेतील विक्रीच्या जागेसाठी एखादी ऑनलाइन चाचणी घेतली जात असली, तरी निर्णय होतो तो समोरासमोरच्या बोलण्यावर. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत वर्षे घालविलेला, आकडेमोडीत तरबेज असलेला उमेदवार येथे अनेकदा गडबडतो, आणि वडिलांच्या कापडदुकानात सुट्टीत बसलेला, जेमतेम दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालेला मुलगा सहज निभावून जातो.

बँकेला विक्री अधिकारी हवा कशासाठी, हे प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. मुदत ठेवीवर बँकेला बऱ्यापैकी व्याज द्यावे लागते, बचत खात्यावर ते कमी असते आणि चालू खात्यावर सर्वसाधारणपणे मुळीच नसते. कर्ज मात्र सर्व पैशांतून सारख्याच भावाने दिले जाते. म्हणून बचत आणि चालू खात्यांतील पैसा, ज्याला बँकेच्या बोलीत 'कासा' म्हणतात, हा बँकेच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त पैसा होय. नव्या अधिकाऱ्याला मिळणारे पहिले टार्गेट बहुधा या खात्यांचे आणि त्यांतील शिलकेचे असते. विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड, सोनेतारण कर्ज हे सारे त्या खात्याच्या आधाराने पुढे विकावयाचे असते. "आम्हाला खाती कशाला हवीत?" या साध्या प्रश्नावर "ग्राहकांची सेवा करण्यासाठी" असे गुळगुळीत उत्तर देणाऱ्यापेक्षा वरील हिशेब दोन वाक्यांत सांगणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तत्काळ भरतो.

मुलाखतीच्या पायऱ्या बहुधा ठरलेल्या असतात. अर्ज बँकेच्या संकेतस्थळावरून, भरती करणाऱ्या एजन्सीमार्फत किंवा वॉक-इनच्या दिवशी थेट हातात दिला जातो. मग एचआर विभागाचा फोन येतो, त्यानंतर ब्रँच मॅनेजर भेटतात आणि शेवटी पाच-दहा शाखांचा कारभार पाहणारे क्लस्टर हेड. स्वतःविषयी सांगा, विक्रीतच का यावेसे वाटते, आधीची नोकरी का सोडली, दुचाकी आणि वाहन परवाना आहे का, हे प्रश्न चुकत नाहीत, आणि त्यांची तयारी सारेच करून येतात. ज्याची तयारी फारसे कोणी करीत नाही असा विषय म्हणजे स्वतःचा गाव. मॅनेजरसाहेब पुष्कळदा बदलून आलेले असतात, आणि बाजारपेठ कोणत्या वारी बंद असते, मार्केट यार्डातील अडत्यांची उलाढाल कोणत्या महिन्यांत वाढते, एमआयडीसीतील कारखान्यांचे पगार कोणत्या तारखांना होतात, नव्या वसाहतीत राहावयास आलेले लोक नोकरदार आहेत की व्यापारी, ही माहिती त्यांना खरोखरच हवी असते. ती ज्याला ठाऊक आहे त्याने ती आपण होऊन सांगावी. इंग्रजी अडखळते म्हणून खालमानेने बसणाऱ्या ग्रामीण उमेदवाराजवळ हे भांडवल शहरी उमेदवारापेक्षा अधिक असते, आणि ग्राहकाशी त्याच्या भाषेत निःसंकोच बोलता येणे हीदेखील या धंद्यात मोठीच पात्रता आहे.

आता या मुलाखतीतील जो भाग सर्वांत कसोटीचा, त्याकडे वळू. बोलता बोलता साहेब एकदम म्हणतात, "समजा, मी किराणा दुकानदार आहे. माझं खातं वीस वर्षं एका सहकारी बँकेत आहे. घ्या, उघडून दाखवा माझं चालू खातं." यालाच रोल-प्ले म्हणतात. बहुसंख्य उमेदवार येथे पाठ केलेले माहितीपत्रक म्हणू लागतात: आमच्या इतक्या शाखा, इतकी एटीएम, मोफत चेकबुक, मोबाइल ॲप. साहेब मध्येच तोडतात, "अहो, हे सगळं तिथंही मिळतं मला!" आणि उमेदवाराचा आवाज बसतो. एखादाच असा निघतो की जो आधी विचारपूस करतो. "शेठ, रोजचा गल्ला बँकेत भरायला कोण जातं?" "मुलगा जातो." "मग तेवढा वेळ काउंटरवर?" "मी एकटाच." "आणि क्यूआरवर येणारे पैसे?" "ते बायकोच्या सेव्हिंग खात्यात जातात. हिशेबाला घोळ होतो खरा." येथे दुकानदाराची अडचण त्याच्याच तोंडून बाहेर आली. आता उमेदवार म्हणतो, "मग जुनं खातं मोडू नका, शेठ. क्यूआरपुरतं एक चालू खातं आमच्याकडे उघडा आणि महिनाभर बघा. धंद्याचा हिशेब वेगळा राहील. मात्र एक आधीच सांगतो, या खात्यात ठरलेली सरासरी शिल्लक ठेवावी लागते, नाही ठेवली तर चार्ज लागतो. आणि महिन्याला ठराविक रकमेच्या वर रोख भरली तर त्यालाही पैसे पडतात. झेपत असेल तरच करू." जाणता अधिकारी या शेवटच्या तीन वाक्यांनाच गुण देतो, कारण न सांगितलेला चार्ज खात्यातून वजा झाल्याच्या दिवशी दुकानदार शाखेत येऊन जो आरडाओरडा करतो, तो मॅनेजरलाच निस्तरावा लागतो.

विचारपुशीइतकेच नेमक्या माहितीचेही महत्त्व आहे, आणि ती थोडी असली तरी अचूक असावी. बचत खात्यावरील व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर आकारले जाते, आणि २५ ऑक्टोबर २०११ पासून त्याचा दर प्रत्येक बँक स्वतः ठरविते. बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेपुरते मुद्दल आणि व्याज मिळून कमाल ५ लाख रुपयांचे संरक्षण असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी १ लाखच होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. केवायसीसाठी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा नरेगाचे जॉब कार्ड चालते, हे ज्याला सांगता येते त्याचा खातेदार कागदपत्रांसाठी दोन हेलपाटे घालत नाही.

आकडेमोडीचा एखादा प्रश्न येतोच, आणि त्यात फ्लॅट व्याजाची मेख हमखास असते. १ लाखाचे कर्ज वर्षभरासाठी १० टक्के फ्लॅट दराने दिले, तर व्याज १० हजार आणि बारा हप्ते प्रत्येकी सुमारे ९,१६७ रुपयांचे होतात. ऐकणाऱ्याला दहा टक्के स्वस्त वाटतात. परंतु दरमहा मुद्दल फिटत जात असल्यामुळे वर्षभरात कर्जदाराच्या हाती सरासरीने निम्म्याहून थोडेच अधिक मुद्दल राहते, व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब मांडला तर हाच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. ज्या उमेदवाराला हे कागदावर मांडून दाखविता येते, त्याची पदवी कोणत्या वर्गातील आहे हे मग कोणी विचारीत नाही.

शेवटाकडे बहुधा एक नाजूक प्रश्न येतो. महिनाअखेर आहे, टार्गेटला एक विमा पॉलिसी कमी पडते आहे, आणि समोर सत्तरीचे पेन्शनर मुदत ठेवीचे नूतनीकरण करावयास आले आहेत. तुम्ही काय कराल? विमा विकण्यासाठी विमा नियामकाने ठरविलेले प्रशिक्षण आणि परीक्षा, तर म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएमचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे ही विक्री कायद्याने जबाबदारीची मानलेली आहे. शिवाय आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ग्राहकाला ती परत करता येते, आणि सुनेने किंवा नातवाने कागद वाचून ती परत करविली की अधिकाऱ्याचे टार्गेट आणि बँकेची अब्रू दोन्ही जातात. तेव्हा "त्यांची ठेव आधी नूतन करून देईन, विम्याची खरी गरज घरातील कमावत्या माणसाला असेल, म्हणून त्यांच्या मुलाची भेट मागून घेईन" हे उत्तर नैतिकदृष्ट्या जसे योग्य, तसे धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. काही साहेबांना मात्र "काहीही करून विकेन" असे उत्तर हवे असते, आणि तसे ते बोलून दाखवितात. तसे झाल्यास उमेदवाराने वाईट वाटून घेऊ नये; त्या शाखेत महिनाअखेर कशी साजरी होते, हे त्याला रुजू होण्यापूर्वीच फुकटात कळलेले असते.

येथेच मुलाखतीची दुसरी बाजू सुरू होते, आणि माझ्या मते आपल्याकडील उमेदवार सर्वांत कमी पडतात ते या बाजूला. "तुम्हाला काही विचारायचंय?" असे साहेब म्हणाले की "नाही सर" म्हणून उठणे हा आपल्याकडे विनय समजला जातो. वस्तुतः नोकरी हा दोन पक्षांमधील करार आहे, आणि विक्रीच्या कामासाठी आलेल्या माणसाने स्वतःच्या कराराच्या अटी विचारू नयेत हे त्याच्या पेशालाच शोभत नाही. नेमणूक बँकेच्या पे-रोलवर आहे की त्रयस्थ कंपनीच्या; सीटीसीच्या आकड्यातून दरमहा हातात नेमके किती पडतील; इन्सेंटिव्ह कोणत्या आकड्यानंतर सुरू होतो; पेट्रोल आणि फोनचा खर्च कोण करतो; सहा महिने टार्गेट अपुरे राहिले तर काय होते; नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस द्यावी लागते; आणि माझ्याआधी या जागेवर जे होते ते आज कोठे आहेत. हा शेवटचा प्रश्न खोचक वाटला तरी अस्थानी नाही, कारण खाजगी बँकांतून नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास असल्याची नोंद रिझर्व्ह बँकेनेच २०२३-२४ च्या आपल्या अहवालात केली आहे.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. नोकरीच्या आमिषाने नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत अशा नावांनी पैसे मागणारे दलाल शहरोशहरी आहेत. नेमणूक देण्यासाठी कोणतीही प्रामाणिक बँक उमेदवाराकडून पैसे घेत नाही, तेव्हा असा फोन आल्यास तो तेथेच बंद करावा आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

विक्रीचे काम हलके आणि टेबलामागचे काम प्रतिष्ठेचे, ही समजूत आता घरातील वडीलधाऱ्यांनी सोडून द्यावी. ज्या दुकानदाराचे खाते उघडले, त्याच्या दुकानासमोरून वर्षानंतरही ज्याला मान वर करून जाता येते, तो विक्री अधिकारी कोणत्याही रोखपालाइतकाच प्रतिष्ठित होय. तरुणांना एवढेच सांगावयाचे की मुलाखतीला याचक म्हणून जाऊ नका. निवड झाल्याचे कळले की नेमणूकपत्र घरी आणा, जाणत्या माणसाबरोबर बसून ओळ न् ओळ वाचा आणि मगच सही करा. आणि जी संस्था ते वाचावयास एक दिवसाचीही मुदत देत नाही, तिच्या नोकरीला खुशाल नकार द्या.