नांदायला जाण्याचा हुकूम

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, पण सासरी नांदायला त्या कधी गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, लिहायला-वाचायला शिकल्या. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बायकोला माझ्याकडे पाठवा.

असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आलेला. इथल्या कोर्टांनी एकेका निकालातून तो हिंदूंना लागू केला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये यावरच बोट ठेवलं. जे जोडपं कधी एकत्र राहिलंच नाही, त्यांचा संसार पुन्हा सुरू कसा करायचा? बाईला तिच्या मर्जीविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. त्यांनी दावा फेटाळला.

त्यावरून गदारोळ उठला. टिळकांनी निकालाला विरोध केला, समाजसुधारक बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

न्यायाधीशाने समाजाची मूल्यं जपावीत, असं नेहमी म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. कुठल्या समाजाची? टिळक आणि मलबारी एकाच इलाख्यातले, आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न होता ती बाईही तिथलीच. निकाल देताना न्यायाधीश यांतला एक आवाज निवडतो, आणि परक्या देशातून आलेली तरतूदसुद्धा काही वर्षांत आपली परंपरा म्हणून मिरवू लागते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हीच तरतूद कलम ९ म्हणून आली. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाचे न्या. चौधरी यांनी हे कलम बाईच्या खासगीपणावर घाला घालतं म्हणून रद्द ठरवलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. संसार मोडू नये यासाठी ते उपयोगी, असं न्यायालयाचं म्हणणं. इंग्लंडने मात्र १९७० मध्येच असा दावा कायद्यातून काढून टाकला होता.

आपल्याकडे बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याकडून बरेचदा कलम ९ चा अर्ज येतो. असा हुकूम मोडून बायको वेगळी राहिली, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं.