बॅटरीची गाडी घेताना

मागच्या महिन्यात बचतगटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "पेट्रोल परवडेना, कर्ज काढून चार्जिंगची स्कूटी घेऊ का?" त्यावर जी चर्चा रंगली, ती आज तुमच्यासमोर मांडतो आहोत.

आधी हिशेब करू. समजा, गावोगावच्या वाड्या-तांड्यांवर कामाला जाणाऱ्या ताईंचं रोजचं जाणं-येणं २० किलोमीटर आहे. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० किलोमीटर. पेट्रोलची स्कूटी लिटरला ४५ देते आणि लिटरला १०५ रुपये धरले, तर महिन्याला साडेअकराशेच्या पुढे जातात. तीन युनिटांची बॅटरी असलेली गाडी आपल्या रस्त्यावर एका चार्जिंगमध्ये साधारण ८० किलोमीटर चालते असं धरू. कंपनी जास्त सांगते, पण तो आकडा सपाट रस्त्याचा आणि एकट्या माणसाचा असतो. मागे लेकरू, पुढे पिशवी असली की कमीच पडतो. चार्जरमध्ये थोडी वीज वायाही जाते. तरी महिन्याला २२ युनिटं पुरतात.

आता लाइटबिल पाहा. घरगुती मीटरवर १०० युनिटांच्या पुढच्या युनिटांना दर जवळपास दुप्पट लागतो. म्हणून आपण महागातलाच, १२ रुपये दर धरला. तरी २६४ रुपये झाले. म्हणजे महिन्याला ९०० रुपये वाचले.

पण जिला नुसतं बाजारापर्यंत, रोज पाचच किलोमीटर जायचं आहे, तिचे सव्वादोनशेच वाचतात. गाडी २५ हजारांनी महाग पडली, तर पहिलीचा जास्तीचा पैसा अडीच वर्षांच्या आत निघतो, दुसरीला नऊ वर्षं लागतात. तोवर बॅटरी कुठे टिकते? तेव्हा दुसऱ्या ताईने जुनीच गाडी चालवावी, असं आमचं स्पष्ट मत.

बॅटरीचीच खरी मेख आहे. आमच्यातल्या एका ताईने तीन वर्षांपूर्वी स्वस्तातली, हळू चालणारी गाडी घेतली. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या आणि लहान मोटारीच्या गाडीला लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही, म्हणून भुलल्या. आत शिशाच्या बॅटऱ्या होत्या, इन्व्हर्टरला असतात त्या जातीच्या. दीड वर्षात पन्नासाची गाडी वीस किलोमीटरवर आली. एकदा मांडवीच्या रस्त्यावर बंद पडली, तेव्हा अंधारात ढकलत आणली. दुकानदाराने तोवर दुकानच आवरलं होतं. वॉरंटीचा कागद होता, पण त्यावर शिक्का नव्हता!

म्हणून दुकानात गेल्यावर रंग नंतर बघा. बॅटरी लिथियमची आहे का, किती वर्षांची हमी लेखी देता, बिघडली तर दुरुस्ती किनवटला होईल की नांदेडला न्यावी लागेल, हे आधी विचारा. नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. गाडी स्वतःच्या चाकावर पोचणार नाही, टेम्पो करावा लागेल. सरकारी सवलतीचंही तसंच. २०२४ च्या ऑक्टोबरपासून पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकीला पहिल्या वर्षी १० हजारांपर्यंत सवलत होती, पुढे ती ५ हजारांवर आली. ती सवलत बिलातच वजा व्हायची. तोंडी सांगितलेली धरू नका.

घरी चार्जिंगला मोठ्या पिनचा सॉकेट आणि चांगली अर्थिंग लागते. मीटरच्या बाहेरून आकडा टाकून चार्जिंग तर मुळीच नको. आपल्याकडे मे महिन्यात काय ऊन असतं, ते सांगायला नको. उन्हातून आलेली तापलेली गाडी लगेच लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. पावसाळ्यात वादळ आलं की वीज रात्रभर जाते, तेव्हा निम्म्यावर आली की चार्जिंग करून ठेवलेली बरी.

त्या ताईंना बॅटऱ्यांचा नवा संच १५ हजारांना सांगितला आहे. गाडी सध्या अंगणात उभी आहे, वर कोंबड्या बसतात. गटाच्या कर्जाचे हप्ते अजून पाच राहिलेत.