सेवेलाही पाळी हवी

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या हेंद्रेपाड्यातील एक बाई दवाखान्यात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, तक्रार डोकेदुखीची. रक्तदाब पाहिला तर १६०/१०० निघाला! चौकशी केली तेव्हा कळले, सासूबाई पक्षाघाताने दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचे, अंग पुसायचे, रात्रीही तेच. यजमान पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणार, ते रात्रीच परतणार. मी म्हटले, "आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्या." बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आईंना टाकून सुट्टी कशी घेऊ? लोक काय म्हणतील?"

मला सायकलचा नाद आहे. म्हणून मी त्यांना नाशिकच्या महाजन बंधूंची हकिगत सांगितली. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापले. या शर्यतीत घड्याळ रात्रीही थांबत नाही. मग हे जमले कसे? एक भाऊ सायकलवर, तेव्हा दुसरा विश्रांतीला. जो झोपला त्याने भावाला दगा दिला, असे कोणी म्हणेल काय? त्याने झोप घेतली नसती, तर पुढची पाळी कोणी केली असती?

युरोपातील व्यावसायिक सायकलपटूंचेही असेच असते. 'टूर द फ्रान्स'मध्ये एका संघात आठ गडी. त्यांतले बहुतेक जण आपल्या नायकासाठी राबतात. वारा स्वतःच्या छातीवर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, प्रसंगी आपले चाकही काढून देतात. पण वारा अंगावर घेणारा गडी आळीपाळीने बदलतो, आणि तीन आठवड्यांत विश्रांतीचे दोन दिवस ठरलेले असतात.

हॉलंडचा टॉम डुमुलिन २०२० मध्ये असाच आपल्या संघातील रोग्लिचसाठी राबला. जानेवारी २०२१ मध्ये मनावरचा ताण असह्य होऊन त्याने बिनपगारी रजा घेतली. काही महिन्यांनी तो परतला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. पुढे २०२२ मध्ये तो निवृत्त झाला. रजेने सारेच प्रश्न सुटतात असे नाही. पण वेळेवर थांबणे म्हणजे पळपुटेपणा नव्हे, एवढे यातून समजते.

वाचकहो, घरात आजारी माणूस असेल तर सेवेची पाळी लावा. रात्रीची जागरणे वाटून घ्या. सेवा करणाऱ्याला आठवड्यातून निदान अर्धा दिवस घराबाहेर जाऊ द्या. त्याचाही रक्तदाब तपासा. झोप उडणे, चिडचिड, विनाकारण रडू येणे हे पंधरा दिवसांहून अधिक चालले, तर डॉक्टरांना दाखवा. आणि "मला जमत नाही" असे कोणी म्हणाले, तर त्याला नावे ठेवू नका.

त्या बाईंची नणंद आता दर रविवारी अंबरनाथहून येते. रात्रीची एक पाळी यजमानांनी घेतली आहे. कूस कशी बदलायची, हे बाईंनीच दोघांना शिकवले. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डोकेदुखी कमी आहे. पहिल्या रविवारी काय केलेत, असे मी विचारले. बाई हसून म्हणाल्या, "माहेरी गेले आणि संध्याकाळपर्यंत नुसती झोपले!"