प्रवासासाठी नकाशा कोणता?

मोबाईलवर वाट दाखवणारे साधन निवडताना प्रथम हे ध्यानात घ्यावे की, स्थाननिश्चिती आणि नकाशा या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून परिभ्रमण करणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश मोबाईल केवळ ग्रहण करतो; किमान चार उपग्रहांच्या संदेशांना पोहोचण्यास लागलेल्या कालावधीवरून तो आपले स्थान गणिताने काढतो, आणि त्यासाठी इंटरनेट अनिवार्य नसते. ते लागते नकाशा उतरवून घेण्यास आणि रहदारीची ताजी खबर मिळण्यास. म्हणून ज्याचा नित्याचा प्रवास पुण्या-मुंबईच्या गर्दीतून होतो, त्याने असंख्य मोबाईलांच्या गतीवरून कोंडीचा अदमास बांधणारे गूगल मॅप्ससारखे साधन पत्करावे. परंतु सह्याद्रीच्या ज्या दऱ्याखोऱ्यांत सिग्नल दुर्मिळ, तेथे जाणाऱ्याने २००४ साली आरंभिलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकनिर्मित नकाशावर आधारलेले ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड घेऊन इच्छित प्रदेशाचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा. हा नकाशा स्वयंसेवकांच्या श्रमांवर अवलंबून असल्यामुळे त्यातील तपशील सर्वत्र सारखा नसतो. तेव्हा आपल्या परिचित मुलखातील वाटा-वस्त्या त्यात बिनचूक आहेत की नाहीत, हे आधी ताडून पाहणे हीच निवडीची खरी कसोटी होय.